अण्णांची अधिकृत गल्ली

दार उघडलं तेव्हा बाहेर एक उंच बाई आणि तिच्याहून उंच पुरुष, पाठीवर पोत्याएवढ्या पिशव्या घेऊन उभे होते. दोघंही हसत होते. पुरुषाच्या हातात पर्यटन खात्याची चकचकीत पुस्तिका होती आणि तिच्या शेवटच्या पानावर त्याने बोट ठेवलं होतं. मसुदेरावांनी ते पान पाहिलं आणि त्यांचा अर्धा चहा बशीत उतरला.

"कोण आलंय हो?" आतून बायकोने विचारलं.

"धोरण," मसुदेराव म्हणाले.

मसुदेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पर्यटन खात्यात मसुदे लिहिण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे खरं नाव आता पगारपत्रकापुरतं उरलं होतं. मंत्री बदलत, धोरण बदले, मसुदा मात्र त्यांच्याच हातचा असे. ते नोकरीला लागले तेव्हा देशाला आपल्या बांधकामाचा भारी अभिमान होता. म्हणून पहिलं धोरण निघालं, परदेशी पाहुण्यांना आपली प्रगती दाखवायची. पाहुण्यांना बसमध्ये घालून धरणावर आणि सिमेंटच्या कारखान्यात नेत. संध्याकाळी ते पांढरे होऊन परत येत, आभार मानत आणि पुन्हा कधी या देशाकडे फिरकत नसत. मग दुसरे मंत्री आले. ते कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावर जाऊन आले होते आणि तिथे लोक नुसते पडून राहण्याचे पैसे मोजतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. "ऊन तर आपल्याकडे फुकट पडतंय," असं म्हणून त्यांनी किनाऱ्यावर मोठमोठी हॉटेलं उभी करवली. पाहुणे येऊन लालबुंद होऊन गेले. देशातला एक वेटर सोडला तर त्यांना कोणी भेटलं नाही.

त्यानंतरच्या मंत्र्यांना याचंच वाईट वाटलं. "पाहुणा हॉटेलात नको, घरात हवा," ते म्हणाले, आणि मसुदेरावांनी एका आठवड्यात नवं धोरण लिहून दिलं. सामान्य कुटुंबांनी आपली खोली पाहुण्यांना द्यायची. नोंदणी कशी करायची ते कळावं म्हणून पुस्तिकेच्या शेवटी नमुना छापायचा होता. रिकामे रकाने दिसायला बरे दिसेनात, म्हणून मसुदेरावांनी हाताला आला तो पत्ता टाकला. हाताला त्यांचा स्वतःचाच पत्ता आला. 'घराचे वैशिष्ट्य' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'येथील वडीलधारे गृहस्थ पाहुण्यांशी मनमोकळ्या गप्पा मारतात.' छपाईला जाण्याआधी हे बदलायचं होतं. ते राहिलं आणि पुस्तिका साऱ्या जगात पोचली.

त्यातही गंमत अशी की घर मसुदेरावांचं नव्हतंच, सासऱ्यांचं होतं. सासूबाई गेल्या तेव्हा नवराबायको चार दिवस सोबतीला म्हणून आले ते राहूनच गेले. कचेरीत त्यांना मागून घरजावई म्हणत आणि पुढून काही म्हणत नसत. सासरे, म्हणजे अण्णा, पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हमन होते. गल्ल्यागल्ल्यांतून लांब चावी घेऊन फिरायचं, रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. बायको गेल्यापासून ते पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसत आणि दिवसातून एकच वाक्य बोलत, "पाणी आलं का?" आलं म्हटलं तर मान हलवत. नाही म्हटलं तरी तशीच हलवत.

मनमोकळ्या गप्पा मारणारे गृहस्थ ते हेच.

"आता काय करायचं?" मसुदेराव कुजबुजले.

"काय करायचं म्हणजे?" बायको म्हणाली. ती शाळेत परदेशी भाषा शिकवायची, त्यामुळे तोवर तिने पाहुण्यांची सगळी हकिकत विचारून घेतली होती. "एवढ्या लांबून आलेत. तुमच्या सहीनं आलेत. पुढच्या खोलीत झोपतील."

दुपारी अण्णांचा डोळा उघडला तेव्हा त्यांच्या खोलीत दोन उंच माणसं त्यांच्याकडे बघून हसत होती. अण्णांनी काही वेळ त्यांच्याकडे पाहिलं, मग उठले, पायांत चपला सरकवल्या आणि चालू लागले. पाहुण्यांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. ते मागे निघाले. बाप कुठे जातोय या काळजीने मुलगी त्यांच्या मागे निघाली.

संध्याकाळी मसुदेराव कचेरीतून परतले तेव्हा बायको ओट्याशी उभी राहून स्वतःशीच हसत होती.

"अहो, अण्णा मोरीपाशी थांबले. ही माणसं मागं लागलीत म्हटल्यावर त्यांना चुकवायला थांबले असतील. तर त्या बाईंनी विचारलं, इथं काही विशेष आहे का?"

गल्लीच्या तोंडाशी नाल्यावर एक बुटकी दगडी मोरी होती. तिच्यात विशेष असं काही असलंच तर वास.

"मग?"

"अण्णांनी मोरीकडं पाहिलं. मग म्हणाले, लढाईला निघालेला एक सेनापती इथं घोड्याला पाणी पाजायला थांबला होता. घोडा पाणी प्यायला आणि पुढं जाईचना. सेनापतीनं गोंजारलं, ओढलं, रागावला. घोडा तिथंच बसला. तीन दिवस बसला. तेवढ्यात दोन्ही राजांचा राग निवला आणि लढाई राहून गेली."

"हे खरं आहे?"

"कुठलं खरं? मी शाळेत असताना बांधलीय ती मोरी."

"आणि तू ते भाषांतर करून सांगितलंस?"

बायकोचं हसू थांबलं. "आई गेल्यापासून त्यांनी सलग एवढी वाक्यं बोललेली मी ऐकली नव्हती," ती म्हणाली. "घोडा तीन दिवस बसला म्हणाले. महिनाभर बसला म्हणाले असते तरी मी सांगितलं असतं."

मसुदेरावांनी कचेरीची पिशवी खुंटीला लावली.

पाहुणे चार दिवस राहिले आणि जाताना अण्णांच्या गळ्यात पडले. आपल्या देशात जाऊन त्यांनी दहाजणांना सांगितलं. ते दहाजण आले. तोवर अण्णांच्या भात्यात भर पडली होती. धोब्याच्या दुकानाची खिडकी तिरकी होती, कारण पहिल्या धोब्याला समोरच्या शिंपिणीचं दार दिसावं म्हणून त्याने ती मुद्दाम तशी बसवली. उंच पाण्याच्या टाकीत, ती रिकामी असताना, एक गायिका उतरून गायली आणि त्या वर्षी पाण्याला चव आली. अण्णा हातवारे करून सांगत, मुलगी भाषांतर करी, पाहुणे तिरक्या खिडकीपुढे उभे राहून डोळे पुसत. अण्णा आता दाढी रोज करू लागले. पाणी आलं का हे विचारायला त्यांना सवड होईना.

एवढ्यात मंत्री बदलले. नव्या मंत्र्यांना घर, हॉटेल काही वावडं नव्हतं, त्यांना आकडा हवा होता. शेजारच्या देशात आपल्या दुप्पट पाहुणे येतात हे त्यांच्या मनाला लागलं होतं. मसुदेरावांनी गर्दीचं धोरण लिहिलं. प्रेक्षणीय स्थळं वाढवायची होती आणि तयार स्थळं होती तेवढी संपली होती. तेव्हा संचालक बाईंनी मसुदेरावांना बोलावलं.

"तुमच्या गल्लीत म्हणे काहीतरी घोडा आहे," त्या म्हणाल्या. "त्यावर एक पान लिहा."

मसुदेराव आयुष्यात पहिल्यांदाच घोड्यावर लिहायला बसले आणि त्यांची लेखणी उधळली. घोडा त्यांनी पांढरा केला. त्याच्या कपाळावर काळा ठिपका दिला. पुस्तिका निघाली, मोरीवर पाटी लागली, अण्णांना खात्याचा निळा बिल्ला मिळाला. अण्णांनी पान वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून घोडा पांढरा सांगायला लागले.

"तुम्ही तर तपकिरी म्हणायचात," मुलगी म्हणाली.

"जावईबापूंनी खात्याकडून पांढरा कळवलाय," अण्णा म्हणाले. "त्यांच्याकडं माहिती असेल."

मग बस सुरू झाल्या. गल्ली एवढी भरली की मसुदेरावांना कचेरीतून घरी यायचं तर एखाद्या सहलीत शिरावं लागे. एकदा ते मोरीपाशी गर्दीत अडकले आणि घोड्याची सगळी कथा ऐकून, टाळ्या वाजवूनच त्यांना पुढे सरकता आलं. धोब्याची इस्त्री करायला जागा उरली नाही, कारण खिडकीतून लोक सारखे आत बघत. त्याने खिडकी सरळ करून घ्यायचं ठरवलं तर खात्याचा माणूस येऊन सांगून गेला की खिडकी आता संरक्षित आहे.

"मसुदेराव, एक सांगा," धोब्याने त्यांना गाठून विचारलं. "माझ्या आजोबांची त्या शिंपिणीवर नजर होती हे खरं का? आजी अजून आहे. रोज रडतेय आणि आजोबांचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवते."

मसुदेरावांनी त्या रात्री अण्णांना आजींकडे पाठवलं. अण्णांनी जाऊन सांगितलं की ते धोबीबुवा वेगळे, त्यांच्याही आधीचे. आजींनी फोटो सरळ केला. पण बोभाटा झाला तो झालाच. एका पाहुण्याने घरी जाऊन इतिहासाची पुस्तकं चाळली आणि वर्तमानपत्राला कळवलं की या मुलुखात असली लढाई कधी ठरलीही नव्हती, मग राहून कुठून जाणार? आकड्याचे मंत्री गेले. नवे आले ते सत्याचे. आता धोरण अस्सलतेचं होतं. जे खरं तेच दाखवायचं. समितीने प्रत्येक कथा तपासायची आणि खोटी माहिती देणाऱ्या मार्गदर्शकाचा बिल्ला काढून घ्यायचा.

हे शेवटचं कलम मसुदेरावांनाच लिहावं लागलं. ते लिहिताना त्यांना आपल्या घरातली खिडकीजवळची, हल्ली रिकामी असणारी खुर्ची दिसत होती. घरी आल्यावर त्यांनी अण्णांसमोर स्टूल ओढलं.

"अण्णा, समिती आपल्या गल्लीत येतेय."

"येऊ द्या. मंडळी किती?"

"तसं नव्हे. ते लोक खरं-खोटं बघणार आहेत. तुम्हाला एखादी तरी खरी गोष्ट सांगता येईल का? अगदी खरी. म्हणजे मला बाजू तरी मांडता येईल."

अण्णा विचारात पडले. बिल्ल्याची पिन उघडून त्यांनी पुन्हा लावली. "खरी आहे एक," ते म्हणाले. "पण ती कशी वाटेल कोण जाणे. सांगायची सवय नाही."

समिती आली. संचालक बाई, इतिहासाचे एक प्राध्यापक, आणि प्रत्यक्ष परीक्षा व्हावी म्हणून एक बस भरून पाहुणे. मसुदेराव खात्यातर्फे हजर होते. भाषांतराला बायको होती. तिने आज शाळेतून रजा घेतली होती आणि नवऱ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

मोरीपाशी अण्णांनी घोडा सांगितला. घोडा बसला, लढाई राहिली. प्राध्यापकांनी बॅगेतून कागद काढले.

"याला लिखित आधार आहे का?"

मसुदेरावांनी डोळे मिटले.

"आहे," प्राध्यापकांनी स्वतःच उत्तर दिलं. "खुद्द पर्यटन खात्याच्या प्रकाशनात. पांढरा घोडा, कपाळावर काळा ठिपका. एवढा बारीक तपशील ऐकीव गोष्टीत सहसा नसतो. मान्य."

मसुदेरावांनी डोळे उघडले. तिरक्या खिडकीला परदेशी प्रवासवर्णनाचा आधार सापडला. टाकीतल्या गायिकेवर तर प्राध्यापकांनी स्वतःच एक निबंध वाचला होता, आणि तो मसुदेरावांच्या पुस्तिकेवरून लिहिला होता. मान्य, मान्य. संचालक बाई समाधानाने वही मिटायच्या बेतात होत्या.

अण्णा मात्र चालत राहिले. गल्लीच्या टोकाकडे, जिथे आजवर त्यांनी कोणाला नेलं नव्हतं, तिथे जाऊन थांबले. रस्त्यात एक गोल लोखंडी झाकण होतं. पुढे टायरचं गोदाम.

"हा व्हॉल्व्ह," अण्णा म्हणाले. त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता तो, हातवारेही नव्हते. "गोदाम आहे तिथं पूर्वी एक घर होतं. गल्लीतलं शेवटचं. एका वर्षी पाण्याचं दुर्भिक्ष झालं, शेवटच्या घराला पाणी चढेना. त्या घरातली मुलगी रोज रिकामी बादली घेऊन माझ्याशी भांडायला यायची. व्हॉल्व्हमन काही ऐकून घ्यायला बसलेला नसतो. पण ती भांडायची तेव्हा तिच्या नाकपुड्या लाल व्हायच्या. मी मग सगळ्यांचं पाणी बंद केल्यावर तेवढ्या घराचं थोडा वेळ सोडून ठेवायचो. नियमात नव्हतं ते. सबंध मोसम सोडत होतो. पुढं तिच्याशी माझं लग्न झालं."

बायकोने पहिली दोन वाक्यं पाहुण्यांना सांगितली होती. पुढची सांगितली नाहीत. ती वडिलांकडे बघत उभी राहिली. पाहुणेही थांबले.

"याला आधार?" प्राध्यापकांनी विचारलं.

"मी," अण्णा म्हणाले.

"लिखित?"

"नाही."

प्राध्यापकांनी दिलगिरीच्या स्वरात संचालक बाईंकडे पाहिलं. बाई मायाळू होत्या. "गोष्ट गोड आहे," त्या हळूच म्हणाल्या, "पण रचलेली वाटते हो. आणि पाणी खात्याचं नाव त्यात येतं, उद्या ते पत्र पाठवतील. तीन कथा मान्य झाल्यात, बिल्ला राहील तुमचा. ही एवढी गाळू या." प्राध्यापकांनी समोरच्या कागदावर 'काल्पनिक' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

तिघं घरी निघाले.

"जावईबापू," अण्णा वाटेत म्हणाले, "तुमच्या शब्दाखातर खरं बोलायला गेलो तर त्यातच नापास."

मसुदेरावांना हसू आलं. बायको मात्र हसली नाही. "आई तर सांगायची, मामांनी स्थळ आणलं म्हणून," ती म्हणाली.

"मामांनीच आणलं," अण्णा म्हणाले. "आणायला कोणी लावलं ते तू कधी विचारलं नाहीस."

बिल्ला राहिला, पण गल्ली राहिली नाही. सत्याचे मंत्री फार टिकले नाहीत. त्यांच्या जागी आलेल्यांना गर्दीनेच देशाचं वाटोळं झालं असं वाटत होतं. नवं धोरण शांततेचं होतं. थोडे पाहुणे, दूरच्या डोंगरात, पायी. मसुदेरावांनी तेही लिहिलं, कारण लिहिणारं दुसरं कोणी नव्हतं. बस बंद झाल्या. मोरीवरची पाटी एका सकाळी उतरवून नेली. धोब्याने त्याच दुपारी खिडकी सरळ करून घेतली आणि दोन दिवसांनी, बरं दिसेना म्हणून, पुन्हा तिरकी केली.

अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "पाणी आलं का?"

मसुदेरावांच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती ताटाकडे बघत होती.

रविवारी सकाळी ती चपला घालून, पाठीला शाळेची पिशवी अडकवून अण्णांपुढे येऊन उभी राहिली.

"चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"गल्ली दाखवा."

"तुला काय दाखवायचं? तू इथंच वाढलीस."

"मी नुसतं भाषांतर केलंय. ऐकायचं राहिलंय."

अण्णांनी जावयाकडे पाहिलं. मसुदेराव आधीच पायांत बूट चढवत होते. अण्णा उठले. आरशापुढे उभे राहिले, दाढी केली, बिल्ला लावला, आणि मग तिघं निघाले. मोरी आली तशी मागे टाकली. खिडकीतून धोब्याने हात केला. मुलगी सरळ टोकाकडे चालत राहिली आणि लोखंडी झाकणापाशी थांबली.

"इथलं सांगा. समिती नाहीये. नीट सांगा."

अण्णांनी गोदामाकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं. "त्या दिवशी बाहेरची माणसं होती," ते म्हणाले, "म्हणून थोडं फिरवून सांगितलं."

"म्हणजे?" मसुदेराव म्हणाले.

"मी त्या घराचं पाणी सोडून ठेवत नव्हतो. बंद करत होतो."

"अण्णा," मुलगी म्हणाली.

"पाण्याचं दुर्भिक्ष वगैरे काही नव्हतं. एकदा खरंच बिघाड झाला, तेव्हा ती भांडायला आली. दुसऱ्या दिवशी पाणी नीट गेलं, तर आली नाही. तिसऱ्या दिवशीही आली नाही. मग मी बंद केलं. आली. तेव्हापासून बंदच करत होतो." अण्णांनी चपलेने झाकणावरची माती बाजूला केली. "सरकारी नोकरी होती. हे कुठं सांगायचं?"

मसुदेरावांच्या डोक्यात त्या प्राध्यापकांचा 'काल्पनिक' शेरा आला, आणि प्राध्यापक बरोबर होते हे त्यांना फार खुपलं. बायकोने दोन्ही हात कमरेवर ठेवले होते.

"म्हणजे आईला तुम्ही सबंध मोसम पाण्याशिवाय ठेवलंत? बिचारी रोज बादली घेऊन इथवर चालत यायची?"

"मलाही तसंच वाटायचं," अण्णा म्हणाले. "मनाला लागून राहिलं होतं. ते घर तुझ्या जन्माआधीच पाडलं, म्हणून तुला ठाऊक नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या माहेरी जेवायला गेलो, हात धुवायला परसात गेलो. तर परसात विहीर. काठोकाठ. म्हटलं, ही कधी खणली? तुझे आजोबा म्हणाले, माझ्या आजोबांनी."

"मग आई बादली घेऊन कशाला यायची?"

अण्णांनी लेकीकडे पाहिलं. नाकपुड्या लाल झाल्या होत्या तिच्या.

"एवढ्या परक्यांचं तू भाषांतर केलंस," ते म्हणाले, "आता आईचंही कर."